रुडीच्या वड्या आणि माझे मीठ

जून लागला की चौकातल्या हेरिंग माशाच्या गाड्यांवर लाल-पांढऱ्या-निळ्या पताका लागतात आणि आमच्या घरात खोटे बोलायला सुरुवात होते.

‘खोटे’ हा शब्द माझी सून केतकी मान्य करणार नाही. रॉटरडॅममधली मराठी मंडळी उन्हाळ्यात कुणाच्या तरी परसबागेत जमतात, तेव्हा हातात कागदी ताटली धरून ती दर वर्षी तीच हकीकत सांगते. साथीच्या दिवसांत विमाने बंद झाली आणि आमचे बाबा इथेच अडकले. शेजारच्या कॅरिबियन आजोबांशी त्यांची दोस्ती जमली. ते आजोबा गेले. आणि ज्यांना चहासुद्धा धड करता येत नव्हता त्या बाबांनी खाऱ्या माशाच्या वड्या तळून अख्ख्या इमारतीला खाऊ घातल्या. ऐकणाऱ्या बायका “किती गोड!” म्हणतात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हरकत घेतो, “चहा मला उत्तम येतो.” एवढीच. बाकीच्या हरकती चारचौघांत घेण्याजोग्या नाहीत. त्या इथे घेतो.

दोस्ती नव्हती, भांडण होते. आणि त्या वड्यांत जगातले सर्व काही होते, गोडवा सोडून.

आमच्याकडे, पेणच्या खाडीकाठी, जून हा मासा संपण्याचा महिना. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, आणि मे महिन्याच्या उन्हात खारवून वाळवलेला बांगडा पत्र्याच्या डब्यात जाऊन बसलेला असतो. त्या डब्याचे झाकण उघडताना येणारा वास ज्याला दुर्गंध वाटतो त्याच्याशी मी वाद घालत नाही. तो माणूस वादाच्या योग्यतेचा नाही. इथे सारे उलटे. इथे मासा जूनमध्ये सुरू होतो. माणसे मान मागे टाकून, शेपटीला धरून, कांद्यात घोळवलेला कच्चा हेरिंग तोंडात सोडतात. तो मऊ, लोण्यासारखा, जेमतेम मीठ लागलेला मासा खाताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे समाधान पसरते ते पाहिले की माझ्या जिभेवर मात्र एका जुन्या जूनचा खारटपणा चढतो आणि घास फिरू लागतो.

त्या वर्षी मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलो होतो. मुलाचे, निखिलचे, घर मास नदीच्या दक्षिणेकडे, गॅलरीने जोडलेल्या दारांच्या लांबलचक इमारतीत. सारे बंद झाले आणि त्या घरात एकाएकी दोन ऑफिसे उघडली. निखिल जेवणाच्या टेबलावर, केतकी झोपायच्या खोलीत, दोघांच्या कानांवर हेडफोन. मी खाकरलो तरी आइंडहोव्हनमधल्या कुणा साहेबाला ऐकू जाई. तेव्हा माझी रवानगी बाल्कनीत झाली. एक खुर्ची, एक शाल, समोर कालवा, आणि उजव्या हाताला दुधी काचेची एक पाटी, जिच्या पलीकडे शेजाऱ्यांची बाल्कनी होती. ती पाटी कठड्यापर्यंत पोचत नव्हती. वीतभर फट होती. माझा सारा वसंत त्या फटीतून आला.

प्रथम आला तो वास. गरम तेलात खारा मासा पडल्याचा. मी खुर्चीवरून उठलो तो कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखा. फटीतून पाहिले, तर माझ्याच वयाचा एक काळासावळा, रुंद खांद्यांचा गृहस्थ छोट्या गॅसच्या शेगडीपुढे बसून वड्या तळत होता. तो रुडी. त्याच्या बायकोला, मार्ताबाईंना, घरात तळणीचा वास खपत नसे, म्हणून रुडीचे स्वयंपाकघर बाल्कनीत होते. बोनेर नावाच्या चिमुकल्या कॅरिबियन बेटावरून तो तरुणपणी इथे आला, बंदरातल्या क्रेनवर चढला आणि निवृत्त होईपर्यंत खाली उतरला नाही, असे तो स्वतःविषयी सांगे.

“बूरमान!” त्याने हाक मारली. इथे शेजाऱ्याला अशीच हाक मारतात. माझे नाव विचारण्याची गरज त्याला पुढेही कधी वाटली नाही. “नाक बाहेर काढून उभा आहेस, तर तोंडालाही काम दे.”

आणि काचेच्या पाटीला वळसा घालून, लांब दांड्याच्या झाऱ्यावरून, त्याने एक वडी माझ्या बाजूला पोचवली. त्या दिवसांत माणसे एकमेकांपासून पळत होती. झाऱ्याच्या लांबीचे अंतर कायद्याला पुरेल की नाही याचा मी विचार केला आणि वडी उचलली.

वरून कुरकुरीत. आत कुस्करलेला बटाटा आणि त्यात माशाचे धागे, पातीचा कांदा, आणि एका पिवळ्या, गोलसर मिरचीची आग, जी आधी सुगंध होऊन येते आणि मग जीभ जाळते. उत्कृष्ट होती. मी म्हणालो, “अळणी आहे.”

“अळणी? खाऱ्या माशाची वडी अळणी?”

“धुऊन धुऊन मारलास तू त्याला.”

“तो माझ्याकडे यायच्या आधीच मेला होता, बूरमान. मी फक्त आंघोळ घातली.”

“मीठ काढूनच टाकायचं, तर मासा खारवायचा कशाला?”

“जीभ तपासून घे,” रुडी म्हणाला, आणि न विचारता दुसरी वडी झाऱ्यावरून माझ्या ताटलीत टाकली.

पुढे हेच आमचे, दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतले, बोलणे झाले. वड्या तळल्या जात, झारा वळसा घेई, मी ‘अळणी’ म्हणे, तो जीभ तपासायला सांगे आणि आणखी एक वाढे. पलीकडून मार्ताबाईंचा आवाज येई, “पुन्हा सुरू झाले दोघे!” मला त्या ‘अळणी’ची इतकी चटक लागली की वड्या कशा झाल्या आहेत याकडे माझे लक्षच राहिले नाही. मी त्या संपवत असे आणि नाकारत असे.

माझ्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की मीठ हा माझा विषय आहे. सारी नोकरी मी मिठागरांवर काढली; बोटांत चिमूट चोळून ते कोणत्या खाचरातले आहे हे सांगणाऱ्यांपैकी मी एक होतो. हे रुडीला सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला. त्याचे बेटही मिठाचे निघाले. तिथेही खाचरे, तिथेही पांढरे ढीग, तिथेही उथळ पाण्यात एका पायावर उभे राहिलेले रोहित पक्षी. आम्ही दोघांनी रोहित पक्ष्यांवरही भांडून घेतले.

पण एका दुपारी त्याने दुसरे काही सांगितले. त्या ढिगांच्या जवळ दगडी खोपटी आहेत, माणसाच्या कमरेच्या उंचीची, आत शिरायचे तर वाकून, गुडघ्यांवर. त्यांत गुलाम झोपत. दिवसभर खाचरांत मीठ ओढायचे, रात्री त्या खोपट्यांत अंग टाकायचे. त्याचा पणजोबा त्यांतला. “त्याच्या पायांच्या भेगा मिठाने कधी मिटल्या नाहीत,” रुडी वड्या उलटताना म्हणाला. “म्हणून आमच्या घरात खाऱ्या माशाचं पाणी दोनदा फेकतात. एकदा चवीसाठी, एकदा त्याच्यासाठी.”

यावर मी काय बोललो ते सांगतो, कारण ते कुणाच्याच हकिकतीत नाही. मी विचारले, “तुमच्या मिठात मॅग्नेशियम किती निघायचं?”

रुडीने कढईतली वडी उचलून झाऱ्यावर घेतली. मग म्हणाला, “तेवढं पणजोबाने लिहून ठेवलं नाही,” आणि झारा पुढे केला.

अशा भेगा मी पाहिल्या होत्या. आमच्या मिठागरांवरही माणसे अनवाणी उतरत आणि संध्याकाळी बांधावर बसून टाचांत वंगण भरत. पाहिल्या होत्या म्हणजे माझ्या बुटांच्या उंचीवरून पाहिल्या होत्या. त्या दुपारी रुडीने मला जे दिले ते घेण्याची सवयच मला नव्हती. मला फक्त मुद्दे घेता येत होते.

मे संपता संपता रुडी आजारी पडला. काचेपलीकडचा खोकला आधी भांडणात विरून जाई, मग भांडण खोकल्यात विरू लागले. एका सकाळी गॅलरीतून पिवळी रुग्णवाहिका दिसली. इस्पितळात मार्ताबाईंनाही त्याच्याजवळ बसता आले नाही. एकदा काचेतून पाहिले, एकदा फोनच्या पडद्यावर. मग त्याही आजारल्या, त्या वाचल्या. तो गेला. अंत्ययात्रेला मोजकीच माणसे जाऊ शकली. आम्ही बाकीचे गॅलरीत दारादारांपुढे उभे राहिलो. काळी गाडी इमारतीसमोर क्षणभर थांबली आणि कालव्याच्या कडेने निघून गेली. बाल्कनीत रुडीची शेगडी तशीच होती, तिच्यावर झारा आडवा.

त्यांच्याकडे आठव्या दिवशी प्रार्थना होते आणि आलेल्यांना खाऊ घालतात. मार्ताबाई अशक्तपणाने भिंतीला धरून फटीपाशी आल्या. “बूरमान, आमच्याकडे प्रत्येक मयताच्या आठव्या दिवशी वड्या रुडीनेच केल्या. त्याच्या आईच्या, माझ्या भावाच्या. मला त्या येत नाहीत. दुकानातून आणल्या तर लोक खातील, पण तो गेला असं मला वाटणार नाही. तुम्ही त्याला करताना पाहिलं आहे.”

“मी करतो,” मी म्हणालो. वाक्य पुरे होण्याआधीच म्हणालो.

“दोनदा उकळा. दोन्ही पाणी फेका. आणि चाखा, चाखल्याशिवाय पुढे जाऊ नका.”

मी मान हलवली. मला, मिठागरांवर जन्म घालवलेल्याला, कुणी मीठ शिकवावे! पण दुःखात असलेल्या बाईशी वाद घालू नये एवढी सभ्यता मी दाखवली, आणि त्या सभ्यतेचा अभिमानही बाळगला.

सुरिनामी किराणा दुकानातून निखिल सुकवलेल्या कॉड माशाच्या पाट्या घेऊन आला. लाकडाच्या फळीसारख्या ताठ, मिठाने पांढऱ्याफटक. मी त्या आमच्या खाऱ्या बांगड्यासारख्या नळाखाली धुतल्या, एकदा कोमट पाण्यातून काढल्या, आणि थांबलो. हे अज्ञान नव्हते. केतकीची हकीकत मला अडाणी ठरवते तिथे मी हरकत घेतो. मला दोनदा उकळण्याचे माहीत होते. मी मनाशी म्हणालो, रुडीच्या वड्यांत जन्मभर एक उणीव राहिली. आज ती भरून काढू. बटाट्यांनाही उकडताना वेगळे मीठ घातले. गेलेल्या माणसाला मी दुरुस्त करत होतो.

“बाबा, एक चाखून बघा ना आधी,” निखिल दारातून म्हणाला. “आणि प्लीज खिडकी उघडा, स्मोक अलार्म वाजेल.”

“गेलेल्या माणसाच्या नावाचं पान वाढण्याआधी चाखतात का रे? उष्टं करायचं?”

“अहो, पण—”

“तुझ्या आईने कधी चाखलं होतं?”

“आईचा हात होता, बाबा.”

माझा मुलगा कमी बोलतो. बोलतो तेव्हा मी ऐकत नाही. आमच्या घरात नैवेद्य असो की पितरांचे पान, रांधणारी बाई वासही घेत नसे, आणि मीठ तंतोतंत पडे. तो नियम मी पाळला. त्या नियमामागे वर्षानुवर्षे रोज चाखून तयार झालेला एक हात उभा असतो, हे मला दिसले नाही.

संध्याकाळ जूनची, म्हणजे संपायला तयार नसलेली. इमारतीच्या अंगणात माणसे सुटी सुटी उभी होती, काळ्या कपड्यांत, एकमेकांना मिठी मारता येत नसल्याने हात स्वतःच्याच दंडांवर ठेवलेले. बंदरातले जुने सोबती, गॅलरीतले शेजारी. टेबलावर रुडीचा फोटो, शेजारी टॅबलेट, आणि त्याच्या पडद्यावर बेटावरचे नातेवाईक. प्रार्थना झाली. मी एक वडी आधीच आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून आलो होतो, कावळ्यासाठी. मग परात फिरवली. जो तो कागदी रुमालात वडी घेऊन आपल्या जागी परतला.

मी त्यांच्याकडे पाहत होतो. पहिल्या घासाला सारे अंगण थबकले. कुणी डोळे मिटले. कुणी कालव्याकडे तोंड फिरवले. एका धिप्पाड क्रेनवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मला वाटले, रुडीची आठवण. कुणीही वडी टाकली नाही. सगळ्यांनी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, आणि केतकीला पाण्याचे जग पुन्हा पुन्हा भरून आणावे लागले. मला वाटले, उकाडा.

मग मार्ताबाईंनी खाल्ली. त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिले. आठ दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा हलला, आणि त्या हसू लागल्या, टेबलाला धरून, खोकत, डोळे पुसत. “बूरमान! शेवटी जिंकलात तुम्ही!” त्या लोकांकडे वळल्या आणि त्यांना आमचे भांडण सांगितले: हा रोज फटीतून ‘अळणी, अळणी’ म्हणायचा, आणि रुडी त्याला जीभ तपासायला सांगायचा. “आज उत्तर द्यायला तो नाही, म्हणून बघा यांनी काय केलं!” अंगण हसले. घशात अडकून राहिलेले हसू होते ते, सुटले. पडद्यावरचे बेटही हसले.

आणि मी छाती काढून, मान लववून, ते स्वीकारले. मला वाटले, अखेर या लोकांना मिठाची चव कळली.

वर आलो तेव्हा निखिल बाल्कनीत होता. “बाबा, शिवला! तुमचा कावळा येऊन गेला.” ही निखिलची हकीकत; ती तो अजून मोठ्या समाधानाने सांगतो. पण मी समोर होतो. करड्या मानेचा तो लहानसा पक्षी दुसऱ्यांदा आला, वडीवर चोच मारली, तुकडा खाली टाकला, आणि चोच कठड्यावर दोन्ही बाजूंनी घासून पुसली. मग उडून गेला, आणि परत आला नाही.

कठड्यावरची उरलेली वडी मी तोंडात घातली.

खारट म्हणणे हा सौम्यपणा ठरेल. ती वडी नव्हती, खाचराच्या तळाशी उरणारा थर होता. मी ती गिळली, कारण अंगणातल्या प्रत्येकाने गिळली होती. मग एकेक चेहरा परत आला. मिटलेले डोळे, फिरवलेली तोंडे, पाण्याचे जग. ज्या घरात मीठ दोनदा फेकतात, एकदा पणजोबासाठी, त्या घरातल्या माणसाच्या निरोपाला मी ते परत आणून घातले होते. आणि त्याच्या माणसांनी, कुरकुर न करता, ते पोटात घेतले होते. दुधी काचेच्या पलीकडे कुणी नव्हते. मला त्या वेळी कुणीतरी भांडायला हवे होते.

मार्ताबाईंची हकीकत सर्वांत चुकीची आहे. ती थट्टा नव्हती. मी मित्रावर शेवटचा विनोद केला नव्हता. मी एका मृत माणसाला धडा शिकवला होता आणि तोही चुकवला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या हकिकती खोडून काढणारा मी ही एक खोडू शकत नाही. त्या दिवसातले त्यांचे तेवढेच हसू आहे. ते त्यांच्या हातून काढून घ्यायचे आणि त्याजागी काय ठेवायचे? माझा अहंकार? म्हणून मी दर वर्षी मे अखेरीस इथे येतो, जूनमधल्या त्या दिवशी त्यांच्याकडे वड्या करून नेतो, आणि मार्ताबाई जमलेल्यांना तीच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांच्या शेजारी उभा राहतो, एखाद्या विनोदी माणसासारखा. दर वर्षी मी मुद्दाम थोडे जास्त मीठ ठेवत असे, कारण त्या मागत. दर वर्षी परात उचलताना कान तापत.

या वर्षी मी ते केले नाही. मासा आदल्या दिवशीच भिजत घातला. उकळला, पाणी फेकले. पुन्हा उकळला, आणि ते पाणी बाल्कनीतून न फेकता सावकाश मोरीत ओतले. ते कुणासाठी आहे हे मला आता ठाऊक होते. मिश्रण झाल्यावर चाखले. निखिलने येऊन खिडकी उघडली. रुडीची शेगडी मार्ताबाईंनी आता आमच्या बाल्कनीसाठी देऊन टाकली आहे, झाऱ्यासकट. तिच्यावर तळल्या. वास फटीतून पलीकडे गेला, आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

झारा काचेच्या पाटीला वळसा घालून मी पलीकडे पोचवला. मार्ताबाईंनी वडी उचलली, फुंकर घातली, खाल्ली. बराच वेळ चावत राहिल्या. त्यांना ती चव ओळखू आली असणार. ती त्यांच्याच घरची होती. मी माझी सारी उत्तरे घेऊन उभा होतो. थट्टा, दुरुस्ती, पणजोबा, सगळे क्रमाने लावलेले.

“बूरमान,” त्या म्हणाल्या, “अळणी आहे.”

फटीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता, आणि तो वाट पाहत होता.

“जीभ तपासून घ्या,” मी म्हणालो, आणि न विचारता दुसरी वडी त्यांच्या ताटलीत टाकली.